पाखरे राखताना

पाखरे हाकलण्यात माझे निम्मे आयुष्य गेले, हे वाचकांना आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी पाखरांचे कौतुक करू लागले, तर ही कोणी शहरातून हवापालटाला आलेली हौशी बाई आहे असा आपला समज व्हायला नको. माहेरी आठ वर्षांची असल्यापासून मी ज्वारी राखायला माळ्यावर चढत असे. हातात गोफण, ओटीत खडे आणि तोंडाने दिवसभर आरडाओरडा. संध्याकाळी घसा बसलेला असे. गोफणीचा नेम माझा भावांपेक्षा चांगला होता, हे अजूनही माहेरी गेले की निघते. सासरी आले ती कऱ्हेच्या खोऱ्यात, पुरंदर तालुक्यात. इथे अंजीर, सीताफळ आणि पोटापुरती बाजरी. पीक बदलले, पाखरे तीच राहिली.

त्यामुळे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी गळ्यात कॅमेरा अडकवून ओसरीत बसू लागले, तेव्हा वस्तीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसण्यासारखेच होते ते. मीही हसले.

झाले असे की, २०२४ च्या जून महिन्यात, वटपौर्णिमेला दोन दिवस होते, मी गोठ्यात शेणावरून घसरले आणि उजव्या घोट्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आणि सांगितले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. आता शेतकऱ्याच्या बाईला सहा आठवडे बसवून ठेवणे म्हणजे काय, ते आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांना विचारावे. पेरणीचे दिवस, दोन म्हशी, आणि घरात आम्ही दोघेच. मुलगा-सून चाकणला नोकरीला. आमच्या ह्यांनी तोवर चुलीपुढे बसून फक्त बिडी पेटवलेली. पहिली भाकरी थापली तिला पाच कोपरे होते. मी ओसरीतून सूचना करायची आणि ते आतून म्हणायचे, "तू गप बस, मला जमतंय." पंधरा दिवसांनी खरेच जमू लागले. भाकरी फुगली त्या दिवशी ती त्यांनी तव्यावरूनच मला आणून दाखवली. एवढा आनंद त्यांना ऊस गेल्यावरही झालेला मी पाहिला नव्हता.

मी मात्र कोमेजत चालले होते. रिकामे हात मला सवयीचे नाहीत. निवडायला दिलेली डाळ तासाभरात संपे. मग नुसते बसायचे. मुलगा रविवारी आला, माझे तोंड पाहिले आणि पुढच्या खेपेला आपला कॅमेरा घेऊन आला. कुठल्या तरी सहलीसाठी हौसेने घेतलेला, नंतर कपाटात पडून असलेला. त्याचे भिंग बटण दाबले की लांब होते आणि पन्नास पावलांवरची वस्तू हाताशी येते. म्हणाला, "आई, बटण अर्धं दाबलंस की तो नेम धरतो. पूर्ण दाबलंस की फोटो निघतो. गोफणीसारखंच आहे." पोराने मला बरोबर ओळखले होते.

पहिले दोन दिवस आभाळाचे, फांद्यांचे आणि शेपट्यांचे फोटो निघाले. पाखरू बसलेले दिसे, बटण दाबेपर्यंत ते उडालेले असे. हात थरथरत, त्यामुळे जे सापडे तेही धूसर. मग मीच एक युक्ती केली. जुन्या लुगड्याच्या कापडाची एक पिशवी शिवली, तीत दोन शेर बाजरी भरली आणि ओसरीच्या कठड्यावर ठेवली. त्या पिशवीत कॅमेरा रुतवला की हलत नाही. पुढे मुलाने सांगितले की मोठमोठे फोटो काढणारेही अशीच दाण्यांची पिशवी वापरतात. पावसाची भुरभुर आली की खताच्या गोणीतले आतले प्लॅस्टिक वरून पांघरायचे. एवढेच माझे सामान.

आमची ओसरी पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सकाळचे ऊन घरावरून येऊन समोरच्या झाडांवर पडते आणि मी सावलीत. पाखराला मी दिसत नाही आणि मला त्याच्या डोळ्यातला ठिपकाही दिसतो. ही जागा मुद्दाम शोधून मिळाली नसती. घर बांधताना सासऱ्यांच्या मनात दुसरेच काही असणार.

आणि वाचकहो, चाळीस वर्षे त्याच अंगणात वावरून मला जे दिसले नव्हते ते दिसू लागले. कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसून हिंडतो हे आपण रोज पाहतो. पण म्हैस गवतातून चालली की तिच्या पायांनी उठणारे किडे तो हवेत झेप घेऊन धरतो आणि परत पाठीवर येऊन बसतो, हे मी प्रथमच नीट पाहिले. फुकटची गाडी आणि वर न्याहारी. वेडा राघू विजेच्या तारेवरून माशी धरून आणतो आणि गिळण्याआधी तारेवर आपटून घेतो. लिंबाच्या झाडात शिंप्याने दोन पाने टाके घालून जोडली होती, ती माझ्या डोक्यापासून चार हातांवर. टिटवीने पडीक तुकड्यात खड्यांमध्ये चार अंडी घातली. ती अंडी खड्यांत अशी मिसळली होती की फोटोतसुद्धा बोट ठेवून दाखवावी लागत. रात्री टिटवी ओरडली की आमच्याकडे अशुभ मानतात. मीही मानत असे. आता वाटते, कोणी तरी तिच्या अंड्यांवरून चालले असेल.

पण माझा जीव गुंतला तो सुगरणीत. आमच्या समोर, चाळीस पावलांवर समाईक विहीर आहे आणि तिच्या काठावर एक जुनी बाभूळ. ती लावलेली नाही, आपोआप उगवलेली. सासऱ्यांनी औताच्या लाकडासाठी राखली होती. तिच्या काही फांद्या विहिरीवर ओणवल्या आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांना सुगरणीचे खोपे लागतात. खाली पाणी आणि वर काटे, म्हणजे सापाला आणि मांजराला वाट अवघड. शिवाय बहुतेक खोपे झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत येतो. झाड स्वतःच त्यांची भिंत होते. त्यामुळे सगळी वसाहत माझ्या ओसरीकडे तोंड करून.

सुगरणीचा खोपा बहिणाबाईंमुळे महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. पण मला जे ठाऊक नव्हते ते हे, की खोपा विणतो तो नर. पावसाळ्यात त्याचे डोके आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. तो गवताच्या नाहीतर उसाच्या पात्याला कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो आणि लांब दोरा सोलून नेतो. असे दोरे आणून आठेक दिवसांत अर्धा खोपा तयार करतो. तो उलट्या टोपीसारखा दिसतो. मग काम थांबवून त्याच्याखाली लोंबकळत पंख फडफडवतो आणि माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, दोरे ओढून पाहतात. पसंत पडले तर एक जण राहते, मग तो बाकीचे विणकाम आणि खालची नळी पुरी करतो. ती अंडी घालते, तीच उबवते. हा बाबा मात्र शेजारच्या डहाळीवर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरीला बोलावतो. नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात.

हे सगळे पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला पाहून लिहून ठेवले होते. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती आणि ते पत्नीसह तिथे येऊन राहिले होते. हे मुलाने मला वाचून दाखवले तेव्हा बरे वाटले. रिकामे बसलेल्या माणसालाच हे दिसत असावे.

त्या अर्ध्या खोप्यांकडे पाहताना मला भावजींचा मुलगा आठवे. भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, विहिरीच्या पलीकडे त्यांचे घर. मुलगा बत्तीस वर्षांचा, निर्व्यसनी, कामाला वाघ. चार ठिकाणी बघाबघी झाली. मुलीकडचे येतात, विहीर पाहतात, बाग पाहतात, घराच्या स्लॅबखाली उभे राहून वर बघतात आणि शेवटी विचारतात, "नोकरी कुठे आहे?" आपल्या गावोगावी असे किती मुलगे आहेत ते मी सांगायला नको.

आता विहिरीबद्दल सांगितले पाहिजे. दोघा भावांची वाटणी १९९८ साली झाली. विहीर समाईक, पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि बांधाची ओळ नेमकी त्या बाभळीच्या बुंध्यातून गेली. झाड कोणाचे हे तेव्हा कोणी विचारले नाही. पुढे २०१३ च्या उन्हाळ्यात, दुष्काळात विहीर तळाला गेली. कोणाची मोटार कोणाच्या पाळीत अर्धा तास जास्त चालली यावरून शब्दाला शब्द वाढला. त्या अर्ध्या तासाने अकरा वर्षे खाल्ली. दोन्ही घरांचे बोलणे बंद, येणे-जाणे बंद. सासऱ्यांचे म्हाळसुद्धा दोन घरी वेगवेगळे. बाभळीवर दोघांचाही हक्क, म्हणून दोघांपैकी कोणालाच ती तोडता येईना. भांडणामुळे पाखरांचे भले झाले म्हणायचे.

गणपती उठल्यावर दोनच दिवसांनी भावजींचा निरोप आला, डेअरीवर दूध घालताना तिसऱ्याच माणसाकरवी. बाभळीच्या मुळ्या विहिरीच्या बांधकामात शिरल्या आहेत, दगड सुटू लागले आहेत, काटे आणि पाला पाण्यात पडतो, तेव्हा झाड काढावे. लाकूड निम्मे निम्मे. बोलण्यात खोट नव्हती, दगड खरोखर सुटले होते. आणि आमच्या ह्यांनी जागच्या जागी "चालेल" म्हणून सांगितले. अकरा वर्षांत दोघा भावांचे एका गोष्टीवर एकमत झाले, ते नेमके हे.

मी त्या सकाळी बावीस खोपे मोजले होते. त्यांतले चौदा भरलेले. अंडी उबायला पंधरा-सतरा दिवस आणि पिले उडायला आणखी तितकेच. ज्यांची पिले चोची बाहेर काढीत होती त्यांचे ठीक, पण काही माद्या नुकत्याच बसल्या होत्या. मी ह्यांना म्हटले, "दसरा होऊ द्या, मग काय ते करा."

ते म्हणाले, "आयुष्यभर गोफण फिरवलीस आणि आता पुळका आला? समोर बाजरी उभी आहे. तीच खातात ना ती?"

खातात, यात काही शंका नाही. सुगरणीचा थवा कणसावर बसला की दाणे जातातच, ते मी नाकारणार नाही. पण मी त्यांना कॅमेऱ्यातला एक फोटो मोठा करून दाखवला. मादी नळीच्या तोंडाशी लटकलेली आणि चोचीत हिरवी अळी. दुसऱ्यात नाकतोडा. तिसऱ्यात पुन्हा अळी. मोठी पाखरे दाणे खातात, पण पिलांना किडे भरवतात. एका मादीच्या सकाळभर किती खेपा होतात ते मी बसून पाहिले होते. ह्यांनी पाहिले आणि "हं" म्हणाले. नवऱ्याच्या "हं"चा अर्थ लावायला बायकोला पन्नास वर्षेही कमी पडतात, ते जाऊ द्या.

पाखरांची अंडी-घरटी मोडू नयेत असा कायदाही आहे, १९७२ सालचा, असे मुलगा फोनवर म्हणाला. पण कायदा दाखवून भावकी ऐकत नाही, उलट आणखी बिघडते. मी ते बोललेच नाही.

त्याच रात्री झोप येईना म्हणून मी दिवसभराचे फोटो पाहत बसले होते. एक नर पंख पसरून खोप्याखाली लटकलेला, फार सुरेख निघाला होता. डोळा कसा आला आहे ते पाहावे म्हणून मोठा केला, बाजूला सरकवला, तर कोपऱ्यात, खाली थारोळ्यावर कोणी तरी बसलेले दिसले. भावजी होते. लाइट यायची वाट पाहत बसले असावेत. दोन्ही हात गुडघ्यांवर, टोपी मांडीवर, आणि मान वर करून ते खोप्यांकडेच पाहत होते.

मला भावजी रोज दिसतात, लांबून. पण माणूस लांबून दिसतो म्हणजे त्याचा सदरा दिसतो, चाल दिसते. त्या फोटोत मला त्यांची मानेची हाडे दिसली. डोक्यावर केस राहिले नव्हते. मी लग्न होऊन आले तेव्हा हे भावजी अकरा वर्षांचे होते, माझ्या ताटातली भाकरी ओढून खायचे.

मी ह्यांना उठवले. म्हटले, "हे बघा." डोळे चोळत, चष्मा लावून त्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "किती वाळलाय गं." आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले नव्हते, मला कळत होते.

तालुक्याला जाणाऱ्या एका पोराकडून मी दोन फोटो छापून आणवले. एक अळी भरवणाऱ्या मादीचा आणि एक तो. भावजींची नात, लेकीची मुलगी, इथेच शाळेला असते. मोठ्यांचे बोलणे नसले तरी ती बांध ओलांडून माझ्याकडे फोटो पाहायला यायची, तिला कोणी अडवत नसे. तिच्या दप्तरात ते दोन्ही फोटो घातले आणि सांगितले, "आजोबांना दे. म्हणावं, दसऱ्यापर्यंत अंडी आहेत." जास्त काही नाही. चिठ्ठी लिहावी असे मनात आले होते, पण अकरा वर्षांनी काय म्हणून लिहायचे?

उत्तर आले नाही. लाकूडतोड्याही आला नाही. पितृपक्ष लागला होता, त्यामुळेही थांबले असतील, मी त्याचे श्रेय घेत नाही. म्हाळाच्या दिवशी मात्र ती पोर झाकलेली वाटी घेऊन आली, आजीने खीर पाठवली म्हणून. मी वाटी रिकामी परत पाठवली नाही, चार वडे घातले. एवढेच झाले.

दसरा झाला, शेवटची पिले उडाली, वसाहत सुनी झाली. नोव्हेंबरात शाळेत पक्षी सप्ताह होता. पाच नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि बारा नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून त्या दोन तारखांच्या मध्ये तो पाळतात. बाईंनी माझे बारा फोटो मागून नेले आणि दोरीवर चिमटे लावून टांगले. मुलांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचा नाही, आपण गेलो की कावळा आपल्या मागून जातो. आणि फोटो चांगला यावा म्हणून घरट्यापुढची फांदी कधी मोडायची नाही, ती फांदी त्यांचे दार असते. एका मुलाने विचारले, आजी, गोफण कशी असते? त्याला तीही दाखवली. निदान तो खेळ तरी मी अजून चांगला खेळते.

डिसेंबरात बाभळीला कुऱ्हाड लागली, पण बुंध्याला नाही. विहिरीच्या बांधकामावर टेकलेल्या चार मोठ्या फांद्या उतरवायचे ठरले आणि त्या बाजूच्या मुळ्या तोडून दगड पुन्हा बसवायचे. हे कोणी कोणाला सुचवले ते मला कोणीच सांगितले नाही. फांदी विहिरीत पडू नये म्हणून तिला दोर बांधला होता. दोराचे एक टोक ह्यांच्या हातात, दुसरे पलीकडे भावजींच्या. मी काठी टेकत कठड्यापर्यंत गेले होते. "धर." "सोड." "आणखी सोड." "बास, बास." एवढेच शब्द, पण ते तिसऱ्या माणसाकरवी नव्हते.

तोडलेल्या फांद्यांवर सहा रिकामे खोपे होते. एक धाकट्या जावेने मागून नेला, एक मी ठेवला. मी माझा उकलून पाहिला. लहानपणी आजी सांगायची, सुगरण खोप्यात ओला चिखल लावून त्यात काजवे चिकटवते, रात्री उजेडाला. चिखलाचे वाळलेले गोळे आत खरेच होते, काजवा एकही नव्हता. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून तो चिखल असावा, असे जाणकार म्हणतात. जावेला मी हे सांगितले तर ती म्हणाली, "आक्का, माझ्या खोप्यात असतील काजवे, मी उकलायची नाही."

२०२५ च्या पावसाळ्यात पाखरे आली, पण फांद्या कमी, त्यामुळे खोपेही कमी. जुलै संपता संपता मी मोजले ते नऊ. मागच्या वर्षीच्या निम्मेही नाहीत. भाऊ अजून एकमेकांच्या घरी जात नाहीत. पाण्याच्या पाळीपुरते बोलतात आणि तेही तुटक. भावजींच्या मुलाचे अजून जमलेले नाही. माझा पाय थंडीत दुखतो.

पण त्या दिवशी मोजून झाले तेव्हा भावजी थारोळ्यावर लाइटची वाट पाहत बसले होते. माझ्या हातात कॅमेरा पाहून त्यांनी तिकडूनच हाक दिली, "वहिनी, किती झाले?" मी एका हाताची पाच आणि एका हाताची चार बोटे वर केली. त्यांना नीट दिसले नसावे, कारण ते उठून बांधाच्या अलीकडे आले.